पूजेतला दहा नंबरचा पाना

"दिवा लुकलुकतोय म्हणजे काय होतंय, ते सांग. कोड सांगू नकोस."

एवढं बोलून बाबालाल उस्ताद गॅरेजच्या दारातल्या जुन्या टायरवर टेकले.

कुबेर मगदूमच्या हातात गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर होता. त्याची वायर पिकअपच्या स्टिअरिंगखाली खोचलेली. पडद्यावर कोडाची जी अक्षरं उमटली होती तीच तो मोठ्या ऐटीत वाचून दाखवणार होता. उस्तादांनी नेमकी तीच वाट बंद केली.

"मिसफायर आहे, उस्ताद."

"हे पण कोडच झालं. गाडीत काय होतंय?"

"चारपैकी एका सिलिंडरात पेट्रोल जळत नाहीये."

"मग ते जातं कुठं?"

"सायलेन्सरात."

"तिथं जाऊन काय करतं? भजन?"

"तिथं जाऊन पेटतं. आतली जाळी तापून लाल होते." कुबेरनं स्टिअरिंगमागच्या, इंजिन बिघडलं की लागणाऱ्या पिवळ्या दिव्याकडं पाहिलं. "दिवा नुसता लागून राहिला असता, तर गाडी सावकाश नेता आली असती. लुकलुकतोय म्हणजे… जागची हलवायची नाही."

"हां. आता हेच तिला सांग."

'ती' म्हणजे नंदाताई थोरवत. पिकअप तिची, चालवायचीही तीच, आणि अजून तिनं स्टिअरिंग काही सोडलं नव्हतं. मागच्या हौद्यात झेंडूचे क्रेट पार वरपर्यंत रचलेले, त्यांवर ओलं गोणपाट टाकलेलं.

"बहिरी नाही मी, ऐकलं सगळं," ती आतूनच म्हणाली. "जाळी लाल होऊ दे, नाहीतर हिरवी. मला तीनच्या आत पुण्यात पोचायचंय. आज खंडेनवमी. आज संध्याकाळी माणसं रांगा लावून झेंडू घेतील. उद्या दुपारनंतर हाच झेंडू कुणी फुकट उचलणार नाही. आमच्या सहा जणींचा माल आहे हा, कुबेरभाऊ. आषाढापासून खपलोय त्याच्यामागं."

"ताई, खंबाटकीच्या चढाला गाडी बंद पडेल."

"पडेल तेव्हा बघू."

"बंद पडली तर नशीब म्हणा. त्या जाळीच्या वरच तुमचा हौदा आहे. आणि हौद्याच्या कडेनं सगळा वाळका पेंढा कोंबलाय तुम्ही."

नंदाताईनं चावी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि दार असं आपटलं की गॅरेजचा पत्रा वाजला.

"मग दुरुस्त करा! गॅरेजच आहे ना हे?"

गॅरेजच होतं. पण आजच्या दिवशी नव्हतं.

कऱ्हाडच्या अलीकडं, हायवेला चिकटून बाबालाल शिकलगारांचं हे गॅरेज चाळीस वर्षं उभं आहे. त्यांचे आजे-पणजे तलवारींना धार लावणारे. खंडेनवमीला हत्यार पूजायचं, हे त्या घराला कुणी शिकवायला नको. सकाळी नऊला सगळे पाने, पक्कड, हातोड्या, जॅक धुऊन-पुसून लाकडी फळीवर मांडले जायचे. हळदकुंकू लागायचं, फुलं वाहिली जायची, नारळ फुटायचा. आणि एकदा नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. कुणी आमदार जरी रस्त्यात अडकला तरी उस्ताद हात जोडून सांगायचे, "आज हत्यारं सुट्टीवर आहेत साहेब, चहा घ्या."

आजही पूजा होऊन गेली होती. दहा वाजून गेले होते.

फळीवर फक्त एक वस्तू नव्हती. कुबेरचा स्कॅनर. तो त्यानं स्वतः घेतला होता आणि सकाळी मुद्दाम बाजूला ठेवला होता. "हे हत्यार नाही उस्ताद, हा कॉम्प्युटर आहे," असं म्हणाला होता. उस्ताद नुसतं "बरं" म्हणाले होते. त्यांचं 'बरं' कधी होकार असायचं आणि कधी नुसती नोंद, ते सहा वर्षांत कुबेरला काही उमगलं नव्हतं.

आणि आता तर उमगून घ्यायला वेळही उरला नव्हता. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर कुबेरचं स्वतःचं गॅरेज उघडणार होतं. बोर्ड रंगवून झाला होता. सहा वर्षांपूर्वी डिप्लोमा करून आलेला हा गडी, हातानं कसबी, डोक्यानं तल्लख, पण 'मला येत नाही' हे तीन शब्द त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकले नव्हते. 'माझं चुकलं' हे तर त्याहून एक शब्द कमी, तरी तेही नाही.

"स्कॅनर काय म्हणतो?" नंदाताईनं विचारलं.

"मिसफायर आहे म्हणतो. कुठल्या सिलिंडरला ते सांगत नाही. म्हणजे चारही कॉईल बदलाव्या लागतील. कॉईल म्हणजे ठिणगी पाडणारा भाग. गाडी जुनी झालीय, ताई. एक गेली की बाकीच्याही जातात."

"मग बदला की!"

कुबेरनं कऱ्हाडच्या पार्टवाल्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"पूजा झाली, शटर खाली," पलीकडून आवाज आला. "उद्या दुपारी या."

फोन ठेवला गेला.

"दुसरी गाडी सांगू का कुणाची?" कुबेर म्हणाला.

"आज? आज मिळतेय होय दुसरी पिकअप? अख्ख्या तालुक्याच्या गाड्या फुलांनाच लागल्यात."

हे खरंच होतं. हायवेवरून पिवळे-केशरी हौदे एकामागून एक पुण्याकडं चालले होते, आणि प्रत्येक गाडी गेली की नंदाताईची मान तिच्यामागं वळत होती.

"कुबेर," उस्ताद टायरवरूनच म्हणाले, "कॉईल गेलीय हे बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? दहात नऊ वेळा कॉईलच असते."

"आणि ही दहावी असली तर?"

"बोनेट उघड," उस्ताद म्हणाले. "त्याला हत्यार लागत नाही."

कुबेरनं बोनेट वर केलं. उस्ताद उठले, जवळ आले, वाकले.

इंजिन लखलखत होतं. पंधरा वर्षांची गाडी, पण आत तेलाचा एक ओघळ नाही, धुळीचा कण नाही.

"बघा की चाचा, कसं चमकवलंय!" नंदाताईच्या आवाजात त्या गडबडीतही कौतुक आलं. "सकाळी सहाला आले मी. म्हणलं दसरा आहे, गाडी धुऊन द्या. तर कुबेरभाऊंनी बाहेरूनच नाही, आतूनही नवी करून दिली. मग नेऊन माल भरला आणि निघाले, तर फाट्यावर येईपर्यंत गाडी थडथडायला लागली आणि हा दिवा!"

उस्तादांनी लखलखत्या इंजिनावरून नजर कुबेरकडं नेली.

कुबेरनं ती चुकवली.

इंजिनावर पंप मारायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, राहील तेवढा मळ राहू द्यायचा. हे उस्तादांनी सहा वर्षांत साठ वेळा सांगितलं असेल. पण आज सहाला उस्ताद अजून आलेले नव्हते. बोनेटखाली काळा थर होता. नव्या गॅरेजचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून नंदाताईनं शब्द दिला होता, आणि ही गाडी उद्या सहा गावांत फिरणार होती. लोकांनी विचारावं, कुणी धुतली? कुबेरनं धुतली. म्हणून त्यानं धुण्याचा पंप चालू केला आणि नोझल सरळ आत धरलं. एका जागी मळ फारच चिकट होता. तिथं चांगलं अर्धा मिनिट.

वाळलं असणार, त्यानं मनाशी म्हटलं. चार तास झाले. इंजिन तापलंय. वाळलंच असणार. कॉईलच गेलीय.

"कॉईलच आहे, उस्ताद," तो म्हणाला. जरा जास्तच जोरात म्हणाला.

"असेल. पण चारात कुठली? सगळ्याच बदलून टाकायच्या, हे दुरुस्तीत बसतं का?"

"स्कॅनर सांगत नाही ना!"

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचारू." उस्ताद पूजेच्या फळीपाशी गेले. तिथल्या तांब्यात पाणी होतं. हत्याराला हात न लावता त्यांनी तांब्या उचलला, एक झेंडूचं फूल घेतलं, आणि परत आले. "नंदा, हा पत्रा कुठं गेला नळ्यांवरचा?"

"तो होय? गेल्या वर्षी खडखडत होता म्हणून काढून टाकला."

"छान केलंस. कुबेर, इंजिन निवलं का बघ."

कुबेरनं हात लावून पाहिला. चर्चेत बराच वेळ गेला होता. "कोमट आहे."

"मिनिटभर चालू कर. मिनिटाच्या वर नको."

इंजिन सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, खोकत, लंगडत थडथडू लागलं. अख्खी पिकअप हलत होती, वरचे क्रेट करकरत होते. समोर तो पिवळा दिवा लुकलुक, लुकलुक. नंदाताईनं पदराचं टोक तोंडात धरलं. उस्तादांनी हात वर केला तसं कुबेरनं इंजिन बंद केलं आणि धावत पुढं आला.

इंजिनातून चार लोखंडी नळ्या बाहेर येत होत्या, प्रत्येक सिलिंडरची एक. जळालेला धूर त्यांतूनच सायलेन्सरकडं जातो.

उस्तादांनी फूल तांब्यात बुडवलं आणि पहिल्या नळीवर पाणी शिंपडलं.

चर्रर्र… वाफ उडाली.

नंदाताईनं नकळत हात जोडले. तिला वाटलं चाचा गाडीची पूजाच करताहेत.

फूल पुन्हा बुडालं. दुसऱ्या नळीवर पाणी पडलं.

काही नाही.

थेंब नळीवर तसेच बसून राहिले, पानावर बसावेत तसे.

तिसरी. चर्रर्र. चौथी. चर्रर्र.

"ज्या घरात चूल पेटली नाही त्या घरची भिंत गार," उस्ताद कुबेरच्या तोंडाकडं बघत म्हणाले. "दोन नंबर."

कुबेर त्या दुसऱ्या नळीकडं बघतच राहिला. त्याचे कान तापले. काळा थर दोन नंबरपाशीच होता. नोझल त्यानं तिथंच धरलं होतं. त्या कॉईलचं वरचं रबर चिरलंय हे तर त्याला दोन महिन्यांपूर्वीच दिसलं होतं, पुढच्या वेळी बदलू म्हणून सोडलेलं. चिरेतून पाणी आत शिरलं असणार, कॉईलच्या खाली प्लगच्या खड्ड्यात साचलं असणार, आणि ठिणगी त्या पाण्यात मरत असणार. यात कळायला काय अवघड होतं? काही नाही. पंधरा मिनिटांचं काम. एक बोल्ट काढायचा, कॉईल वर ओढायची, पाणी टिपायचं.

पण उघडलं की पाणी दिसणार. पाणी दिसलं की नंदाताई विचारणार, हे इथं आलं कुठून?

आणि उद्या त्याचं गॅरेज.

"सापडलं ना? मग?" नंदाताई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

"उघडावं लागेल, ताई," कुबेर सावकाश म्हणाला. "दहा नंबरचा पाना लागेल." त्यानं फळीकडं पाहिलं. पाने ओळीनं मांडलेले, सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात छोट्यापर्यंत, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका. "आणि पूजा झालीय. पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. उस्तादांचा चाळीस वर्षांचा नेम आहे. मी तो कसा मोडू?"

बोलताना त्याला स्वतःचाच आवाज फार सज्जन वाटला.

"उद्या पहाटे सगळ्यात आधी तुमची गाडी घेतो. शब्द देतो."

नंदाताईच्या डोळ्यांत आता खरंच पाणी आलं. पण ती रडणाऱ्यातली नव्हती. तिनं ते मनगटानं पुसलं आणि उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, मला तुमच्या नेमाबद्दल काही बोलायचं नाही. मी पण आज उपास धरलाय. पण मागं सहा बायकांचं पीक आहे. पहाटे तीनपासून बॅटऱ्या लावून खुडलंय आम्ही. एकीचं लेकरू तापानं फणफणलंय तरी ती आली. मी त्यांना काय सांगू? हत्यार झोपलं होतं म्हणून फुलं सडली?"

उस्तादांनी तांब्या खाली ठेवला. फूलही ठेवलं.

हायवेवरून आणखी एक केशरी हौदा गेला.

"कुबेर."

"जी."

"पूजेतलं हत्यार उचलता येतं."

कुबेर दचकला. "पण उस्ताद, आमदार अडकले तेव्हा तर तुम्ही…"

"त्यांनी विचारलं नाही. हत्याराला विचारावं लागतं. समोर उभं राहून, हात जोडून, आज तुला का उठवतोय ते सांगायचं. मोठ्यानं. आणि खरं कारण सांगायचं. खरं असलं तर ते उठतं."

"असा रिवाज आहे?"

"माझ्या गॅरेजात माझ्याशिवाय कोण सांगणार रिवाज?" उस्ताद म्हणाले. "जा, उभा राहा."

कुबेर फळीपुढं जाऊन उभा राहिला. त्याला हसू येत होतं आणि घामही फुटत होता. डिप्लोमा केलेला माणूस, आणि पान्याशी बोलायचं! त्यानं हात जोडले.

"नंदाताईंची गाडी अडलीय. फुलं पुण्याला जायचीत. म्हणून उचलतो."

त्यानं हात पुढं केला.

"थांब," मागून उस्ताद म्हणाले. "हे नंदाचं कारण झालं."

कुबेरनं हात मागं घेतला.

"दोन नंबरच्या कॉईलखाली… पाणी गेलंय. ते काढायचंय. म्हणून उचलतो."

"हे कॉईलचं कारण झालं."

"पाणी?" नंदाताई म्हणाली. "पाणी कुठलं? पाऊस तर नाही आज."

कुबेरची नजर दहा नंबरच्या पान्यावर खिळली होती. लहानसा पाना. त्याच्या दांड्यावर उस्तादांच्या अंगठ्यानं पडलेली झीज. सहा वर्षांत हा पाना त्यानं हजारदा उचलला असेल, कधी जड लागला नव्हता.

खोटं सांगून उचलला तर कोण अडवणार आहे? लोखंडाला काय कळतंय?

मागं क्रेटमधून झेंडूचा उग्र वास येत होता. ऊन चढत होतं. गोणपाट वाळत चाललं होतं.

कुबेरनं एकदम मान वर केली. वळला नाही. पान्याकडंच बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"सकाळी मी इंजिनावर पंप मारला. मारायचा नाही हे उस्तादांनी साठ वेळा सांगितलंय. तरी मारला. उस्ताद आले नव्हते म्हणून मारला. रबर चिरलंय हे मला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. पाणी मी घातलं. मघाशी कळलं तरी बोललो नाही, नेमाच्या मागं लपलो." आता मात्र तो वळला. "ताई, तुमची गाडी मी बंद पाडली. माझं चुकलं."

"उचल," उस्ताद म्हणाले.

मग कुबेरनं काय घाई केली! कुंकवासकट पाना उचलला, बोल्टाला लावला. बोल्ट सुटला. कॉईल दोन्ही हातांनी पिळून वर ओढली तर तिच्या टोकाकडून थेंब ठिबकले. खाली खड्ड्यात डोकावला, प्लग गढूळ पाण्यात बुडालेला.

नंदाताई शेजारी येऊन उभी होती. तिनं ते पाणी पाहिलं, कुबेरकडं पाहिलं, आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अहो, काय माणूस आहात तुम्ही! चमकवा म्हणलं होतं का मी? धुवा म्हणलं होतं! आणि वर चार कॉईल बदलायला निघाला होता! लाज नाही वाटली? आज ही फुलं सडली असती ना कुबेरभाऊ, तर उद्या तुमच्या नव्या गॅरेजच्या दारात आणून ओतली असती सगळी, सडक्या वासासकट!"

"ओता, ताई," कुबेर मान खाली घालून म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. "पण आता ते फडकं द्या."

तिनं फडकं दिलं. दिलं कसलं, अंगावर फेकलं.

त्यानं फडक्याची वात केली आणि खड्ड्यात सोडली. भिजली, पिळली. दुसरी सोडली. सात-आठ वाती झाल्या तेव्हा शेवटची कोरडी वर आली. नंदाताईही आता पदर खोचून कॉईल पुसत होती, शिव्या चालूच होत्या. कुबेरनं चिरलेलं रबर काढलं, कपाटातून एका मोडीत गेलेल्या गाडीचं शाबूत रबर शोधून आणलं, ते बसवलं. कॉईल उन्हानं तापलेल्या बोनेटवर ठेवून वाळवली. फुंकर मारून बघितली. पुन्हा वाळवली. उस्ताद टायरवर बसून चहा पीत होते.

"लाव चावी," शेवटी कुबेर म्हणाला. ताई म्हणायचंही राहून गेलं.

नंदाताईनं चावी फिरवली.

इंजिन एकदा खोकलं. दोनदा. एक मोठा धुराचा लोट मागून सुटला… आणि मग एकसारखा, भरलेला आवाज आला. हौदा थरथरायचा थांबला.

दिवा लुकलुकायचा थांबला होता. पण विझला नव्हता. पिवळा, स्थिर, तसाच लागून राहिला.

"अजून आहेच की हा!" नंदाताई ओरडली.

"नुसता लागलेला चालतो. आतल्या आत नोंद राहते त्याची. तीन-चार दिवस गाडी नीट चालली की आपोआप जाईल." कुबेरनं सवयीनं स्कॅनर उचलला. "नाहीतर आत्ता पुसून टाकतो. एक बटण दाबलं की…"

त्याचं बोट बटणावरून मागं आलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे, ताई. कुठं गाडी थडथडली आणि हा पुन्हा लुकलुकला तर आपल्याला कळायला हवं."

स्कॅनरची वायर त्यानं काढली, गुंडाळली, आणि फळीवर नेऊन पान्यांच्या शेजारी ठेवली. दहा नंबरचा पाना मात्र खिशात टाकला.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "खंबाटकी चढेपर्यंत मला कानांनी ऐकायचंय हे इंजिन. गरज पडली तर तिथं उघडीन. पुण्यात माल उतरला की येईन एसटीनं."

"तुमच्या गॅरेजची उद्याची तयारी?"

"राहू दे ती. मुहूर्त सकाळी दहाचा आहे. तोवर पोचतो. नाही पोचलो तर उशिरा उघडेल, आभाळ काय कोसळत नाही." त्यानं गोणपाटावर पाण्याच्या दोन बादल्या उपड्या केल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. "चला. साडेअकरा होतायत. तीनला पोचायचंय ना?"

"पोचणारच!" नंदाताईनं गिअर टाकला. "आणि वाटेत एक शब्द बोलू नका. अजून राग गेला नाही माझा."

पिकअप हलली. कुबेरला वाटलं, एक गोष्ट विचारल्याशिवाय आपल्याला आज पुण्यापर्यंत चैन पडायचं नाही. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उस्ताद! बोनेट उघडलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना, मी पंप मारलाय ते?"

उस्तादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"कळलं होतं."

"मग नळ्यांवर पाणी कशाला शिंपडत बसलात?"

"नळ्यांकडं बघत कोण होतं?" उस्ताद म्हणाले.